चोक ओढला, पण मूठ पिळली

जानेवारीतली पहाट. लातुरात ट्यूशनच्या पहिल्या बॅचला सहाला पोचायचं म्हणून औसा, मुरूड, चाकूरकडची पोरं अंधारातच उठतात. अंगणात वडिलांची पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी उभी असते, सीटवर दव असतं. किक बसते. एक, दोन, पाच, दहा. गाडी एकदा फुर्रर्र करते आणि गप्प होते. मग चोक ओढला जातो, पुन्हा किक, इंजिन क्षणभर धरतं आणि पोरगा घाईघाईने मूठ पिळतो. गाडी पुन्हा बंद. ओसरीवरून आवाज येतो, "रेस देऊ नको रे!" शेजारच्या अंगणातून दुसरा सल्ला येतो, "जराशी रेस दे की!"

दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. कुणाचं खरं, हे गाडीवर ठरतं. 'चोक' या एकाच शब्दाखाली आपल्याकडच्या गाड्यांत दोन अगदी वेगळ्या यंत्रणा नांदत आल्या आहेत, आणि एकीला जे मानवतं ते दुसरीला मारतं.

मराठवाडा म्हटलं की बेचाळीस अंशांचा मे महिना डोळ्यांपुढे येतो. थंडीचा विचार कुणी करत नाही. पण लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. नांदेड त्याहून बरंच खाली, गोदावरीच्या काठी. दोन्हीकडे हिवाळ्यातली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत सहज उतरतो, किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गारठा आणखी बोचतो, आणि त्याच दिवशी दुपारी तीसच्या आसपास ऊन असतं. म्हणूनच दुपारी अर्ध्या किकेत सुरू होणारी गाडी पहाटे घाम काढते. रात्रीतून तिच्यात काही बिघडलेलं नसतं.

अडचण पेट्रोलच्या स्वभावात आहे. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ठिणगीने भडका होतो. त्याहून कमी वाफ असली तर प्लग कितीही चांगली ठिणगी टाको, काही घडत नाही. शिवाय पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. शेकडो घटकांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक पस्तीस अंशांच्या आसपास उकळू लागतात, जडांना दोनशे अंश लागतात. इंजिन तापलेलं असतं तेव्हा हलके-जड सगळेच वाफ होऊन जातात आणि एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हा हिशेब नीट जुळतो. गार इंजिनात मात्र फक्त हलका अंश उडतो. बाकीचं पेट्रोल थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतींना चिकटून राहतं. कार्बोरेटरने मोजून बरोबर पेट्रोल दिलेलं असतं, पण सिलिंडरमध्ये पोचलेली वाफ तुटपुंजी असते.

यावर उपाय एकच: पेट्रोल नेहमीच्या कैक पटींनी द्यायचं. हे जादा पेट्रोल जाळण्यासाठी दिलेलं नसतं. एवढ्या पेट्रोलातला हलका अंश तरी पेटण्याइतका भरावा, यासाठी ते असतं. चोक इंजिन तापवतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती खरी नाही. चोक कशालाच ऊब देत नाही. इंजिन स्वतःच्या आगीने तापेपर्यंतची एक-दोन मिनिटं तो निभावून नेतो, बस्स.

थंडी आणखी दोन बाजूंनी अडवते. दहा अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते, म्हणजे त्याच नळीतून जास्त हवा आत येते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. दुसरं, गारठलेलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे किक मारूनही इंजिन संथ फिरतं आणि हवेची ओढ कमी पडते. कार्बोरेटरचा तर सगळा संसार त्या ओढीवर चालतो.

ती ओढ कशी, तेही पाहायला हवं. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलची वाटी असते. पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो तसाच इथे फ्लोट असतो. वाटी भरली की तो सुईने पेट्रोलची वाट बंद करतो, पातळी उतरली की उघडतो. वाटीच्या वर हवेची नळी असते, मध्येच अरुंद झालेली. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं. दाब घटला की वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. सगळं काम दाबातल्या फरकावर चालतं, पंप नाही, वीज नाही. इतक्या साध्या वस्तूने जगातल्या कोट्यवधी गाड्या शंभराहून अधिक वर्षं चालवल्या, ही थोर गोष्ट आहे.

गार इंजिनाला जादा पेट्रोल पाजायची सर्वांत जुनी रीत हाताची होती. जुन्या जावा-येझदीच्या कार्बोरेटरवर एक छोटं बटण असायचं. ते दाबलं की आतला फ्लोट खाली दबायचा, पेट्रोलची वाट उघडी राहायची, वाटी काठोकाठ भरून पेट्रोल ओघळायचं. बोटाला ओल लागली की बटण सोडायचं आणि किक मारायची. मैसूरच्या कारखान्यातून १९९६पर्यंत बाहेर पडलेल्या या गाड्यांवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांच्या बोटांना तो वास अजून आठवत असेल. चेतक स्कूटर आडवी करून पुन्हा उभी करायची सवयही त्याच कुळातली. चेतकला चोक होताच, पण तिरकी केली की वाटीतल्या पेट्रोलची पातळी हलायची आणि थोडं जादा पेट्रोल नळीकडे जायचं. पुस्तकात नसलेली ही युक्ती बापाकडून मुलाकडे आली, आणि तिच्यामागे चांगलं शास्त्र होतं.

आता मूळ मुद्दा, दोन प्रकारचे चोक.

पहिला नावाप्रमाणे खरा चोक. चोक म्हणजे गळा आवळणे. कार्बोरेटरच्या तोंडाशी, हवा शिरते तिथे, एक गोल पत्रा असतो. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. गावोगाव पोचलेल्या या घराण्यात हाच प्रकार आहे. खटका ओढला की पत्रा आडवा होतो आणि हवेची वाट जवळजवळ बंद होते. इंजिन आतून ओढतं, हवा येत नाही, म्हणून नळीत मोठी पोकळी तयार होते आणि जेटमधून पेट्रोल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उपसलं जातं. पत्र्याला बहुधा भोक किंवा स्प्रिंगची छोटी झडप ठेवलेली असते, म्हणजे इंजिन धरलं आणि ओढ वाढली की गुदमरू नये इतकी हवा आपोआप मिळते. या प्रकारात पत्रा स्लाइडच्या, म्हणजे मूठ पिळली की उघडणाऱ्या झडपेच्या, अलीकडे असतो. स्लाइड अगदी बंद असेल तर इंजिनाची ओढ जेटपर्यंत पुरती पोचत नाही. म्हणून मूठ किंचित उघडलेली इथे चालते, अनेकदा उपयोगीही पडते. "जराशी रेस दे की" म्हणणाऱ्या शेजाऱ्याने बहुधा अशीच गाडी चालवलेली असते.

दुसऱ्या प्रकारात गळा आवळणं नाहीच. मिकुनीच्या व्हीएम जातीच्या कार्बोरेटरांत तो दिसतो. कित्येक बुलेटांवर आणि यामाहा आरएक्स १००वर याच जातीचे कार्बोरेटर होते. त्यांच्या बाजूला एक छोटा दट्ट्या असतो. खटका उचलला की दट्ट्या वर सरकतो आणि एक स्वतंत्र, चोरवाटेसारखी नळी उघडते. तिचा जेट वेगळा, तिची हवा वेगळी, आणि तिचं तोंड स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला. म्हणजे मोठ्या कार्बोरेटरच्या पोटात फक्त थंडीसाठी बसवलेला हा दुसरा लहानसा कार्बोरेटर आहे. त्यातली एक खुबी पाहण्यासारखी आहे. त्या जेटच्या वर एक लहानशी विहीर असते. गाडी उभी असताना ती पेट्रोलने भरून राहते. पहिल्या काही फेऱ्यांत इंजिन ही विहीर उपसतं आणि त्याला फार दाट मिश्रण मिळतं. विहीर रिकामी झाली की पुढचं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून मोजून येतं. सुरू करायला जास्त आणि चालू ठेवायला कमी, हा हिशेब ना तारेने केला ना मेंदूने. एका भोकाने आणि एका खळग्याने केला.

पण ही चोरवाट चालते ती स्लाइडच्या पलीकडच्या जोरदार ओढीवर, आणि ती ओढ फक्त स्लाइड बंद असतानाच असते. मूठ पिळली की हवा मोकळ्या वाटेने धावते, ओढ मरते आणि चोरवाटेचं पेट्रोल थांबतं. चोक ओढलेला असूनही इंजिन उपाशी राहतं. ट्यूशनला उशीर झालेल्या पोराची बुलेट याच क्षणी बंद पडते. अशा गाडीला मुठीला हात न लावता किक मारायची. इंजिन धरलं तरी काही सेकंद मुठीला हात लावायचा नाही.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे एअर फिल्टरकडची नळी सोडून पाहिलं की कळतं. तोंडाशी फिरणारा पत्रा दिसला तर पहिला, नाही दिसला तर दुसरा. गल्लीतल्या कुठल्याही मेकॅनिकला हे दाखवायला एक मिनिटही लागत नाही.

चोक लावण्याइतकंच तो काढणं महत्त्वाचं, आणि खरी हानी तिथेच होते. इंजिन तापलं तरी चोक तसाच राहिला तर जादा पेट्रोल पूर्ण जळत नाही. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. रिंग आणि बोअर झिजतात ते अशाने. दट्ट्याच्या गाडीत आणखी एक छुपा दोष असतो. दट्ट्याच्या टोकाचं रबर झिजलं की खटका बंद असूनही चोरवाट गळत राहते. ॲव्हरेज पडतो, माणूस पेट्रोल पंपाला दोष देतो, आणि कारण दोन-चार मिलिमीटरच्या रबरात असतं.

उलट चूकही तितकीच नेहमीची आहे. चोक ओढून वीस किका मारल्या की प्लग पेट्रोलने भिजतो. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'ओव्हर' होते. अशा वेळी चोक बंद करावा, मूठ पूर्ण उघडावी आणि आठ-दहा किका माराव्यात. मोकळी हवा जादा पेट्रोल बाहेर नेते. तरीही धरली नाही तर प्लग काढून पुसावा. मे महिन्यात नांदेडच्या उन्हात तापलेली गाडी बंद पडली तर चोकला हातही लावू नये.

अलीकडे या सगळ्यात उसाने शिरकाव केला आहे. लातूर-नांदेडचा भाग ऊस आणि साखर कारखान्यांचा आहे. उसापासून इथेनॉल होतं, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात सुरू झालं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे गार नळी आणखी गार करतं. वीस टक्के मिश्रणाला हवा तुलनेने कमी लागते, एक ग्रॅमला सुमारे साडेतेरा ग्रॅम. जुन्या कार्बोरेटरला हे कळायचा मार्ग नाही. तो जुन्याच जेटने मोजतो आणि मिश्रण थोडं पातळच पडतं. आपल्याकडची थंडी पाहता एवढ्याने गाडी अडत नाही. अडते ती उभ्या राहिलेल्या गाडीत. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, वाटीच्या धातूला त्याने गंज चढतो आणि तो मळ सर्वांत बारीक जेटमध्ये अडकतो. त्यात महिना-दोन महिने उभ्या गाडीच्या पेट्रोलमधला हलका अंश आधीच उडून गेलेला असतो, आणि पहाटे नेमका तोच लागतो. सुट्टीनंतर गावाकडची गाडी सुरू होत नाही तेव्हा वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून शिळं पेट्रोल सोडून द्यावं, ताजं येऊ द्यावं. निम्म्या गाड्या एवढ्यानेच मानतात.

१ एप्रिल २०२०पासून बीएस ६चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात चोकचा खटका नाही, काम मात्र तेच आहे. इंजिनावरचा सेन्सर तापमान सांगतो आणि छोटा संगणक गार इंजिनासाठी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. इंजिन तापेल तसा तो वेळ कमी करत नेतो. चोक काढायचं विसरणं तिथे शक्यच नाही, आणि हा फायदा खरा आहे.

पण वाळूजच्या कारखान्यातून १९८५पासून बाहेर पडलेल्या आणि उत्तरेकडून आलेल्या कार्बोरेटरच्या असंख्य गाड्या मराठवाड्याच्या वाड्या-तांड्यांवर अजून रोज चालतात. दूध डेअरीला, भाजी आडतीला आणि पोरं ट्यूशनला त्यांच्यावरूनच जातात. त्यांच्या मालकांना एवढीच विनंती: मुलाच्या हाती किल्ली देताना चोक कोणत्या जातीचा आहे तेही दाखवून द्या. चोकवर इंजिन मिनिटभर चालू द्यायला सांगा, आणि गाडी रस्त्याला लागायच्या आत खटका पूर्ण बंद झाल्याची खात्री करायला सांगा. औशाहून लातूर वीसेक किलोमीटर आहे. तेवढं अंतर चोकवर रोज कापलं तर एका हिवाळ्यात प्लग जातो आणि दोन-तीन हिवाळ्यांत बोअरचं काम निघतं.