रेल्वेचा जुना डबा: जपायचा तो कोणत्या सालचा?

राजारामपुरीतून परीख पुलाखालून कोल्हापूरच्या स्टेशनकडे जाताना आपण रेल्वेच्या रुळांखालून जातो. मिरजेहून येणाऱ्या या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर आज १६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज आहे. १९७१ पर्यंत तो मीटरगेज होता; हे अंतर होते १००० मिलिमीटर.

हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ मध्ये मार्ग वाहतुकीस खुला झाला. मालकी संस्थानाची, पण गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे या ब्रिटिश कंपनीकडे होते. मार्ग रुंद झाला तेव्हा मीटरगेजचे डबे येथे निरुपयोगी ठरले. पुढे देशातले इतर मीटरगेज मार्गही एकेक करून रुंद होत गेले आणि अशा डब्यांना धावायला जागाच उरली नाही. लोखंडी इंजिन चौथऱ्यावर उभे करून ठेवता येते. लाकडी डबा उघड्यावर ठेवला तर थोड्याच पावसाळ्यांत खिळखिळा होतो. म्हणून जुने डबे फार थोडे उरले.

त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे: म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ सालचे सलून. त्या काळी म्हैसूरची रेल्वेही सदर्न मराठा कंपनीच चालवीत असे. प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बनवलेले १८७५ सालचे सलूनही तेथेच आहे. राजेरजवाड्यांची सलून टिकली. ज्यांतून सामान्य माणसे दाटीवाटीने गेली ते तिसऱ्या वर्गाचे डबे मात्र क्वचितच जपले गेले.

डबा दुरुस्त करायचा म्हणजे नेमके काय करायचे? त्या काळच्या डब्याचे दोन भाग असतात. खाली लोखंडी किंवा पोलादी सांगाडा, आणि त्यावर बसवलेली लाकडी खोली. ब्रिटनमध्ये कालबाह्य डब्यांच्या अशा खोल्या उचलून शेतात, बागेत कोठारे म्हणून वापरल्या गेल्या. त्यांतल्या काही पुढे रेल्वेप्रेमींनी परत आणून दुसऱ्याच सांगाड्यांवर बसवल्या.

दुरुस्तीची सुरुवात मोजमापे आणि छायाचित्रे घेण्यापासून होते. मग रंग. डब्याला अनेक वेळा रंग दिलेला असतो. एका जागी पॉलिशपेपरने हलकेच, पायरीपायरीने घासले की खोडातल्या वलयांसारखे थर दिसू लागतात. सर्वांत आतला थर पहिला रंग सांगतो. नंतर लाकूड. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते पाण्याला व वाळवीला बराच काळ दाद देत नाही. पण सांध्यात पाणी मुरले आणि लोखंडी स्क्रू गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूडही खराब होते. तेवढाच भाग कापून तेथे नवा तुकडा सांधतात.

डब्याखालची एक वस्तू वर्गात शिकवण्यासारखी आहे. विजेचे दिवे आले तेव्हा चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डायनॅमो फिरवू लागले. गाडीचा वेग सारखा बदलतो. मग दिवे मंद-प्रखर कसे होत नाहीत? लंडनच्या स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात साधी युक्ती काढली. डायनॅमो झुलता टांगला. ठरावीक वेगापर्यंत पट्टा त्याला फिरवतो. वेग वाढून पट्ट्याचा ताण वाढला की डायनॅमो आसाकडे ओढला जातो आणि पट्टा थोडा घसरतो. त्यामुळे डायनॅमोचा वेग फारसा वाढत नाही. गाडी उभी असताना दिवे बॅटरीवर चालत.

आता खरा प्रश्न. समजा, १८९९ च्या डब्यात १९३० मध्ये विजेचे दिवे बसवले आणि १९५५ मध्ये बाकांवर गादी आली. दुरुस्ती करताना कोणत्या सालचा डबा दाखवायचा? १८९९ चा दाखवायचा तर दिवे आणि गादी काढावी लागेल, म्हणजे दोन पिढ्यांचा पुरावा पुसला जाईल. सगळेच ठेवले, तर मूळ डबा कसा होता ते कळणार नाही. आम्हाला वाटते, साल कोणतेही निवडा. पण काय काढले, काय नवे बसवले याची लेखी नोंद ठेवावी आणि काढलेला भाग फेकू नये. नव्या तुकड्यावर आतल्या बाजूने तारीख घातली की पुढचा अभ्यासक फसणार नाही.

हा विचार शाळेतही करून पाहता येईल. शाळेच्या एखाद्या जुन्या खिडकीच्या चौकटीवर टिकलीएवढी जागा निवडा आणि थर मोजा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून घासण्याचे काम शिक्षकांनी, पाण्याने ओल्या केलेल्या पॉलिशपेपरने करावे आणि ओला चोथा पुसून बंद पिशवीत टाकावा. विद्यार्थ्यांनी थरांचे चित्र काढावे आणि कोणता थर कधीचा असेल, हे शाळेतल्या जुन्या सेवकांना व माजी विद्यार्थ्यांना विचारून लिहावे.