अर्ध्या मिलिमीटरचं छप्पर

पिंपरीहून दापोडीकडे जाणाऱ्या मेट्रोत खिडकीशी उभं राहिलं, की कासारवाडी-फुगेवाडीच्या टप्प्यात घरांची छपरं पायाखालून जातात. मार्च २०२२ मध्ये हा टप्पा सुरू झाला आणि पिंपरी-चिंचवडचं शहर वरून कसं दिसतं, ते तिकिटाच्या पैशात सगळ्यांना कळलं. स्लॅबच्या गच्च्या सोडल्या, तर उरतो तो पत्रा. काळपट, शेवाळलेला सिमेंटचा पत्रा आणि त्याच्या शेजारी निळा, विटकरी, हिरवा असा चकचकीत लोखंडी पत्रा. त्यावर दगड, विटा, जुने टायर. हे टायर तिथे का असतात, ते पुढे येईलच.

चाकणच्या बाजूला, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांत कारखाने आले तसे शेतकऱ्यांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. दहा-दहा खोल्यांची रांग, वर सिमेंटचा पत्रा. तो पत्रा उतरवून रंगीत पत्रा चढवायचा, हे तिथलं उन्हाळ्यातलं मोठं काम. वळवाच्या आधी फॅब्रिकेटरची तारीख मिळाली तर नशीब. अमेरिकेत हीच अदलाबदल दुसऱ्या साहित्यात चालते: तिथल्या बहुतेक घरांवर डांबरी पट्ट्यांचं छप्पर असतं, ते काढून लोक धातूचं बसवतात. न्यू जर्सीतल्या घरमालकाला आणि निघोज्यातल्या खोलीमालकाला पडणारे प्रश्न मात्र पुष्कळसे सारखे आहेत.

दुकानात लोक ‘पॉइंट फाइव्हचा पत्रा’ मागतात. म्हणजे जाडी अर्धा मिलिमीटर. पोस्टकार्डाहून फार जाड नाही. असा सपाट पत्रा दोन टोकांना धरून उचला, मधे लगेच झोळ पडतो. तोच पत्रा छपरावर चढला की त्यावर माणूस चालतो. मधल्या मधे काय घडलं? पत्र्याला पन्हळ पाडली, एवढंच. साध्या कोऱ्या कागदाला बारीक घड्या घालून तो दोन पेल्यांवर आडवा ठेवा. वर वाटी ठेवली तरी तो वाकत नाही. वाकायला होणारा विरोध हा साहित्य मधल्या रेषेपासून किती दूर नेलं आहे, त्याच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला अठरा मिलिमीटर खोल पन्हळ पाडली, तर त्याचा ताठपणा दीड-दोन हजार पट होतो. आकडा पहिल्यांदा पाहिला की गणित चुकलं असं वाटतं. चुकलेलं नसतं. लोखंड जवळजवळ तेवढंच, नुसता आकार बदलला.

ही युक्ती १८२९ साली लंडनच्या गोदीतला अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने पेटंट करून घेतली. पण पामरचा पत्रा गंजायचा. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं आणि मगच पन्हळी पत्रा जगभर गेला. घडीने त्याला ताकद दिली, जस्ताने आयुष्य.

जस्ताचं काम नीट पाहण्यासारखं आहे. रंग जसा पाणी अडवतो तसं तेही अडवतं, पण त्याचा खरा गुण वेगळा. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटून ओले झाले, तर हवेशी झगडा जस्त आपल्या अंगावर घेतं आणि लोखंड वाचतं. म्हणून पत्रा कापला आणि कडेला उघडं लोखंड दिसू लागलं, तरी ती बारीक कड लगेच गंजत नाही. शेजारचं जस्त झिजत झिजत तिची राखण करतं. जुन्या बादलीवर किंवा साध्या पत्र्यावर बर्फाच्या नक्षीसारखी जी फुलं दिसतात, ते जस्ताचे स्फटिक. पत्रा साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तातून बाहेर येतो आणि थर थिजताना ही फुलं उमलतात. हल्लीच्या पत्र्यांवर ती मुद्दाम बारीक ठेवतात, कारण रंग सारखा बसायला हवा. मला त्याची हळहळ वाटते, पण ती माझ्यापुरती. आता बऱ्याच छपरांवर निव्वळ जस्त नसतंच. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, उरलेलं बहुतेक जस्त आणि चिमूटभर सिलिकॉन असा मिश्र थर असतो. तो जास्त टिकतो, पण त्याला ओल्या सिमेंटचं वावडं आहे. भिंत आणि पत्रा यांच्या फटीत गवंडी मायेने सिमेंट भरतो, तिथेच चुन्याचा अंश हा थर खातो. फटीला फ्लॅशिंगची पट्टी आणि सीलंट लावावं.

रंगाची गोष्ट तर मला सगळ्यात नवलाची वाटते. आपल्याला वाटतं, पत्र्याला घडी घालून मग रंगवत असतील. उलट आहे. वाशिंद, तारापूर किंवा कळमेश्वरच्या कारखान्यात पत्र्याचं अख्खं भेंडोळं सपाट असतानाच रंगतं आणि भट्टीत मिनिटभराच्या आत भाजून निघतं. वरचा रंग जेमतेम वीस मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यानंतर तो पत्रा रोलर्सच्या जोड्यांमधून जातो, प्रत्येक जोडी थोडी थोडी घडी पाडते, आणि रंगाला तडा जात नाही. मग साइटवर एखादा गडी ग्राइंडरने पत्रा कापतो. ठिणग्या रंगात रुततात, भोकं पाडताना उडालेला लोखंडी चुरा पन्हळीत तसाच राहतो आणि पहिल्या पावसानंतर नव्या कोऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उमटतात. मालक म्हणतो, माल खराब. बहुतेक वेळा माल ठीक असतो, गंजलेला असतो तो चुरा. संध्याकाळी काम थांबवताना छप्पर झाडून काढलं असतं तर भागलं असतं.

आता ते टायर. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास. सिमेंटचा पत्रा त्याच्या जवळजवळ तिप्पट, कौलं तर आणखी कितीतरी जड. हलकं छप्पर म्हणजे खालच्या कैचीवर आणि भिंतींवर कमी भार. त्यामुळे जुन्या भिंतींवर ते निर्धास्त चढवता येतं. पण वाऱ्याला हे हलकेपण फार आवडतं. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वदेक किलोंच्या वजनाइतका भरतो, आणि कमी उताराच्या छपरावर तो बहुतेक वरच्या दिशेने ओढतो. दार उघडं राहिलं तर आतूनही ढकलतो. म्हणजे वळवाच्या वाऱ्यात छप्पर खाली पडण्याऐवजी उडायला बघतं. चार टायर त्याला काय धरणार? धरतात ते स्क्रू. पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबराचा वायसर असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. तो इतकाच आवळायचा, की रबर किंचित फुगून कडेला दिसावं. जास्त पिळला तर रबर फाटतं, कमी पिळला तर पाणी. कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त, तिथे स्क्रू जवळ जवळ हवेत. सगळे पैसे पत्र्याच्या जाडीवर घालून स्क्रूत काटकसर करणारी मंडळी मला कळत नाहीत.

दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या जोडाकडेही नजर टाका. चांगल्या पत्र्याच्या कडेला एक बारीक खोबण दिसेल. दोन पृष्ठं फार जवळ आली, की त्यांच्या फटीतून पाणी आपोआप वर चढतं. खोबणीत ती फट एकदम रुंदावते आणि चढलेलं पाणी तिथेच थबकून खाली उतरतं. घरमालकाला याचा पत्ता नसतो, त्याला एवढंच कळतं की जोड गळत नाही.

कारखान्याची शेड आणि राहतं घर यांत फरक पडतो तो उन्हात. शेड उंच असते, वर टर्बो व्हेंटिलेटर फिरत असतात. खोलीत पत्रा डोक्यापासून हातभर वर. पातळ असल्यामुळे तो झटकन तापतो आणि सूर्य मावळल्यावर झटकन निवतो. सहा मीटर लांबीचा पत्रा थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत साडेतीन मिलिमीटर लांबतो. संध्याकाळी छपरावर तडतड ऐकू येते ती त्याचीच. चकचकीत कोरा पत्रा ऊन परतवतो म्हणून गार राहील, असं वाटतं, पण जेवढी उष्णता तो घेतो तेवढी सोडायला कंजूष असतो. पांढऱ्या रंगाचा पत्रा ऊनही परतवतो आणि घेतलेली उष्णताही आकाशाकडे सोडतो, म्हणून तोच गार. गडद निळ्याची हौस एप्रिलमध्ये महाग पडते. डिसेंबरच्या निरभ्र रात्री तर पत्रा भोवतालच्या हवेहूनही थंड होतो, आणि खोलीतल्या स्वयंपाकाची, श्वासाची वाफ त्याला खालून लागून पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. लोक म्हणतात, छप्पर गळतं. पाऊस नसताना? खाली इन्सुलेशन घातलं, निदान फॉइल आणि मधे हवेची पोकळी ठेवली, तर ऊन, दव आणि पावसाचा ताशा, तिन्ही कमी होतात. पैसे असतील तर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे भरलेला फेस. हा फेस पोलादाच्या दोन हजारांश उष्णताही वाहू देत नाही.

राहिला उतरवलेला सिमेंटचा पत्रा. बहुतेक जुन्या पत्र्यांत सिमेंटला बांधून ठेवायला दहा टक्क्यांच्या आसपास अ‍ॅसबेस्टॉस असतं. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक याने विसाव्या शतकाच्या तोंडावर काढलेली ही कृती; टिकाऊ, स्वस्त, न जळणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅसबेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोग करतात. भारतात त्याच्या खाणींना १९८६ पासून नवे परवाने नाहीत, पण आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे बनवायला बंदी नाही. छपरावर शाबूत बसलेला पत्रा फारसा त्रास देत नाही. तो हातोडीने फोडला, वरून खाली फेकला, ग्राइंडरने कापला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, आणि फुप्फुसात गेलेला तंतू आजार दाखवायला वीस-तीस वर्षं घेतो. आपल्याकडे हे पत्रे फेकूनच उतरवतात. आधी पाणी मारून भिजवा, हुक कापा, पत्रा अख्खा खाली उतरवा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. रुमाल चालत नाही. त्यावर पाय देऊन तर उभं राहूच नका. शेवाळाखाली तो कुठे कुजला आहे, ते वरून कळत नाही आणि माणूस सरळ खाली जातो.

लोखंडी पत्रा जुना झाला, की भंगारवाला वजनावर नेतो आणि जालन्याच्या भट्ट्यांतून तो सळई होऊन पुन्हा एखाद्या स्लॅबमध्ये शिरू शकतो. सिमेंटचा तुटका पत्रा कुठलाच भंगारवाला घेत नाही. तो ओढ्याच्या काठी पडतो, नाहीतर फुटून रस्त्याच्या भरावात जातो.