अन्न सोडलं म्हणजे मन बिघडलं?

जयपूरच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. अपसामान्य वर्तनाचा धडा आला की पुस्तकातल्या व्याख्येआधी मी मुलांना १० ऑगस्ट २०१५चा निकाल सांगते. त्या दिवशी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने जैनांचा संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याचं व्रत, ही आत्महत्याच, असं ठरवलं. निखिल सोनी या वकिलांनी २००६ साली याचिका केली होती. निकालानंतर जैन समाज मूक मोर्चे काढत रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली.

वर्गात जैन मुलं असतातच. एकीने विचारलं, ‘‘मॅम, म्हणजे माझी दादी मनोरुग्ण होती?’’

दादींनी संथारा घेतला, तेव्हा त्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता. गुरुमहाराजांची परवानगी घेतली, मुलांना एकत्र बसवून विचारलं, कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या, भांडण झालेल्या जावेला बोलावून क्षमा मागितली. आधी अन्न सुटलं, मग दूध-ताक, शेवटी पाणी. गल्लीतली माणसं दर्शनाला येत होती.

वागणं अपसामान्य ठरवताना आम्ही चार गोष्टी पाहतो: ते चारचौघांपेक्षा किती वेगळं आहे, माणसाला स्वतःला त्याचा किती त्रास होतो, रोजचं जगणं अडतं का, आणि जिवाला धोका आहे का. दादींच्या बाबतीत धोका तर उघडच होता. पण मनाची घालमेल नव्हती, आणि ज्या समाजात त्या वाढल्या तिथे हे वागणं जगावेगळं नव्हतं. विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा त्यांचं मन बिघडलं असं आपण म्हटलं नाही. म्हणून यातला कुठलाही एक निकष एकट्याने पुरत नाही.

एकट्या वेगळेपणावर भिस्त ठेवली की काय होतं, हे आमच्या शास्त्राच्या इतिहासातच दिसतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत १९७३ पर्यंत समलैंगिकता होती. निव्वळ वेगळी म्हणून किती माणसं उपचारांच्या नावाखाली छळली गेली! आपल्याकडच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम म्हणूनच मला मोलाचं वाटतं. समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं ते सांगतं.

पण परंपरेत बसतं म्हणून सगळं ठीक, असंही नाही. जयपूरहून आग्र्याच्या वाटेवर मेहंदीपूर बालाजीचं देऊळ लागतं. तिथे ‘पेशी’ आली, म्हणजे अंगातली बाधा देवापुढे हजर झाली, की बायका केस मोकळे सोडून घुमतात, किंचाळतात. अंगात येणं आपल्याला नवीन नाही, आणि मान्य विधीच्या चौकटीत आलेल्या अशा अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरणही आजार म्हणत नाही. मात्र ती नकोशी असताना येत असेल, तिचा जाच होत असेल, घरकाम-नोकरी सुटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. देवळात जायला माझी मुळीच ना नाही. रात्र-रात्र झोप नसलेल्या सुनेला वर्षभर फक्त देवळातच नेत राहिले, की मात्र माझा जीव तुटतो.

संथाऱ्यालाही मी हेच प्रश्न लावते. विषय पहिल्यांदा कुणी काढला? मध्येच पाणी मागितलं असतं तर मिळालं असतं का? त्याआधी झोप कशी होती, माणसांत मन रमत होतं का? त्या मुलीने प्रत्येकाचं उत्तर दिलं, आणि ‘तुझी दादी मनोरुग्ण नव्हती’ असं मी तिला सांगितलं. पण एखाद्या घरातले आजोबा बायको गेल्यापासून ताट सरकवून देत असतील, ‘मी कशाला जगतोय’ म्हणत भिंतीकडे तोंड करून पडत असतील, तर त्याला विरक्ती म्हणू नका. ते नैराश्य असू शकतं. म्हातारपणातलं नैराश्यही उपचारांनी हटतं. डॉक्टरकडे न्यायला घरचे बिचकत असतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.