शीतयंत्रातील गॅस पारखून घ्यावा

गावच्या दूध संस्थेतील बल्क कूलरमध्ये ओतलेले दूध तीन-चार तासांत ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले नाही, तर त्याची प्रत घसरते. मग मिस्त्री येतो, "गॅस कमी झाला" असे सांगतो व नवा भरून जातो. पुढील हंगामात पुन्हा तोच खर्च. वास्तविक बंद नळ्यांतील गॅस वापरामुळे संपत नाही. तो कमी झाला, म्हणजे कोठेतरी गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

या गळतीने केवळ संस्थेचेच नुकसान होते असे नाही. जुना आर-२२ हा गॅस ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आलेला आर-४०४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु १ किलो गॅस हवेत गेल्यास शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडली जाते. अशा वायूंचा वापर घटविण्याचा करार २०१६ साली किगाली येथे झाला व भारताने त्यास २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार भारतात २०२८ पासून वापर गोठविणे व २०३२ पासून कपात करणे ठरले आहे. तेव्हा पंधरा वर्षे चालवावयाचे यंत्र आज घेताना, त्याचा गॅस पुढे महाग होण्याचा संभव ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

पर्याय नवे आहेत असेही नाही. बटाट्याच्या मोठ्या शीतगृहांत अमोनिया फार पूर्वीपासून वापरात आहे. तो स्वस्त असून ओझोन वा हवामान यांस बाधक नाही. तथापि तो विषारी आहे. गळती झाल्यास साठविलेल्या कांद्यावर व फळांवर डाग पडतात आणि कामगारांच्या जिवास धोका पोहोचतो. उग्र वास येताच वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे. डोळ्यांस लागल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. प्रशिक्षित चालक नसलेल्या संस्थेने अमोनियाच्या वाटेस न जाणेच बरे.

लहान यंत्रांसाठी प्रोपेन व आयसोब्युटेन हे वायू उपयुक्त आहेत. घरगुती फ्रीजमध्ये आता आयसोब्युटेन सर्रास आढळतो, तर प्रोपेनवर चालणारी वातानुकूल यंत्रे गोदरेज कंपनीने २०१२ साली भारतात विक्रीस आणली. हे वायू स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणेच पेट घेतात. म्हणून आर-२२ साठी बनविलेल्या यंत्रात ते कदापि भरू देऊ नयेत.

ग्रामसेवकांनी संस्थेच्या सचिवांस यंत्रावरील पट्टीवर गॅसचे नाव व वजन कोठे लिहिलेले असते ते दाखवावे. नवे दरपत्रक मागविताना या दोन्ही गोष्टी, तसेच गळती तपासणीची हमी, लेखी घ्यावी. प्रत्येक वेळी किती किलो गॅस भरला याची नोंद वहीत ठेवावी.