थंडीत थिजणारं डिझेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्या-मुंबईहून कॅम्पर व्हॅन घेऊन हिवाळ्यात किन्नौरमार्गे स्पीतीतलं काझा गाठायचं ठरलं, की गरम कपडे, औषधं, चाकांच्या साखळ्या अशी यादी होते. टाकीतल्या डिझेलचा विचार मात्र राहून जातो. स्पीतीच्या थंडीत गाडीच घर असते, म्हणून तो आधी करायला हवा.

गैरसमज: डिझेल शून्य अंशाखालीच गोठतं.
वस्तुस्थिती: डिझेलचा पाण्यासारखा बर्फ होत नाही. खोबरेल तेलासारखं ते थिजतं, कारण त्यातलं मेण वेगळं होऊ लागतं. आधी डिझेल गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टर तुंबवतात. टाकीतलं डिझेल पातळ असतानाही इंजिन बंद पडतं ते यामुळे. भारतीय मानकानुसार फिल्टर तुंबण्याचं तापमान हिवाळ्यात ६, तर उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत चालतं. म्हणजे घरून भरून नेलेलं डिझेल शून्याच्या वरही दगा देऊ शकतं.

गैरसमज: डिझेल सगळीकडे सारखंच.
वस्तुस्थिती: इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. डोंगराळ भागात शिरताना टाकी निम्म्याच्या खाली येऊ द्या आणि तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल आहे का, हे विचारून भरा.

गैरसमज: थोडं रॉकेल मिसळलं की झालं.
वस्तुस्थिती: जुन्या इंजिनांत हे खपून जायचं. आताच्या बीएस-६ डिझेलमध्ये मात्र गंधक दहा लाखांत जेमतेम १० भाग असतं. रॉकेलमधल्या जादा गंधकाने धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते आणि वंगण कमी पडून इंधनपंप झिजतो. पेट्रोल तर मुळीच मिसळू नका, आग लागण्याचा धोका वाढतो.

गैरसमज: डिझेल थिजल्यावर अँटी-जेल ओतावं.
वस्तुस्थिती: अँटी-जेल हे डिझेलमध्ये मिसळायचं रसायन मेणाचे कण मोठे होऊ देत नाही, पण तयार झालेलं मेण विरघळवत नाही. डिझेल गढूळ होण्याआधी ते टाका आणि वरून डिझेल भरा, म्हणजे नीट मिसळेल. धूर शुद्ध करणाऱ्या अ‍ॅडब्लू द्रवाच्या वेगळ्या टाकीत ते चुकूनही जाऊ देऊ नका.

गैरसमज: रात्रभर इंजिन चालू ठेवलं की चिंता नाही.
वस्तुस्थिती: आत माणसं झोपलेली असताना हे जिवावर बेतू शकतं. बर्फाने धुराचा मार्ग अडला, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. धोक्याची सूचना देणारा अलार्म गाडीत हवाच. डिझेलवर चालणारा हीटर बहुधा त्याच टाकीतून इंधन घेतो, त्यामुळे डिझेल थिजलं की ऊबही जाते. जादा पांघरुणं जवळ ठेवा.

गैरसमज: टाकीखाली शेकोटी पेटवली की डिझेल सुटतं.
वस्तुस्थिती: असं कधीही करू नका. गाडी ओढून उबदार, बंदिस्त जागेत न्या, डिझेल पुन्हा पातळ होऊ द्या आणि फिल्टर बदला.

निघण्यापूर्वी फिल्टरमध्ये साठलेलं पाणी काढून टाका, कारण त्याचा बर्फ झाला तरी इंधन अडतं. नवा फिल्टर सोबत घ्या. डिझेलची खरी काळजी थंडीत पोहोचण्याआधीच घ्यावी लागते.