नाण्यांवरचा राप

दोन वर्षांपूर्वीं, पावसाळा सरतां सरतां, माझे एक तरुण स्नेही संध्याकाळीं घरीं आले. त्यांच्या हातांत पारदर्शक प्लॅस्टिकची एक चपटी, बंद डबी होती व तिच्यांत १८६२ सालचा, राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा रुपया होता. डबीच्या माथ्यावरील चिठ्ठीवर ६३ हा आंकडा छापलेला. चार वर्षांपूर्वीं त्यांनीं तो रुपया विकत घेतला तेव्हां तो पांढराशुभ्र होता; आतां त्याच्या कडेनें पिवळसर-तांबूस वलय उमटलें होतें आणि राणीच्या गालापाशीं एक काळसर ठिपका दिसत होता. "मास्तर, आंकडा खोटा कीं डबी खोटी?" असा त्यांचा प्रश्न. डबी फोडून रुपया चिंचेनें घासावा, असा त्यांचा बेतहि ठरला होता. तो बेत मीं त्या दिवशीं मोडला. कां मोडला, हें आज सांगावयाचें आहे. कारण ज्या घरांत लक्ष्मीपूजनाचे चार जुने रुपये आहेत, त्या प्रत्येक घरास हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडणारच.

प्रथम त्या आंकड्याविषयीं. विल्यम शेल्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९४९ सालीं आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत नाण्याची स्थिति १ ते ७० या आंकड्यांनीं सांगण्याची रीति घातली. ६० व त्यापुढील आंकडे हे व्यवहारांत न फिरलेल्या नाण्यांचे. पुढें १९८६ सालीं पीसीजीएस व १९८७ सालीं एनजीसी या अमेरिकन कंपन्या निघाल्या. नाणें तज्ज्ञांकडून तपासून घ्यावयाचें, त्यास आंकडा द्यावयाचा व तें डबींत कायमचें बंद करावयाचें, हें त्यांचें काम. या डबीस संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडील जुने रुपयेहि आतां अशा डब्यांतून मिळतात.

परंतु हा आंकडा म्हणजे नाण्याच्या भवितव्याविषयीं दिलेलें वचन नव्हे. तपासणीच्या दिवशीं नाणें कसें होतें, याविषयीं जाणत्यांनीं दिलेलें तें मत आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत मुलास मार्च महिन्यांत ८० गुण मिळाले, एवढ्यावरून तो पुढल्या मार्चांतहि ८० च मिळवील असें कोणी मास्तर म्हणणार नाहीं. डबी हाताचा स्पर्श व ओरखडे टाळते; हवा मात्र ती पूर्णपणें अडवूं शकत नाहीं. धातु आंत आपल्या गतीनें बदलतच असतो.

चांदीचा खरा वैरी प्राणवायु नसून गंधक आहे. हवेंत हायड्रोजन सल्फाइड वायूचा अंश असतो, आणि दमट हवेंत तो चांदीशीं संयोग पावून तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अत्यंत पातळ थर धरतो. उकडलेल्या अंड्यानें चांदीचा चमचा काळा पडतो तो याच कारणानें. हा थर पातळ असतां काळा दिसत नाहीं. त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश व खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. कांहीं रंग मावळतात, कांहीं उठून दिसतात. पावसांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग असेच उमटतात. थर वाढत जातो तसतशीं फिकट पिवळी, सोनेरी, तांबूस-जांभळी व निळी अशा छटांची मालिका दिसते, आणि शेवटीं काळोखी येते. यासच संग्राहक 'टोनिंग' म्हणतात. मी त्यास राप म्हणतों. माझ्या स्नेह्यांच्या रुपयाच्या कडेवर या मालिकेच्या पहिल्या पायऱ्या दिसत होत्या, इतकेंच.

या रापाची सर्वांत प्रसिद्ध कथा अमेरिकेंतच घडली. मॉर्गन डॉलर या नांवाचें चांदीचें नाणें तेथें १८७८ ते १९०४ व पुन्हां १९२१ सालीं पाडलें गेलें. त्यांत ९० टक्के चांदी व १० टक्के तांबें. व्यवहारांत त्यास मागणी बेताची, म्हणून हजार हजार डॉलर जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तळघरांत ठेवले गेले. १९६२ पासून १९६४ पर्यंत या पिशव्या मोठ्या संख्येनें बाहेर आल्या, तेव्हां एक नवल दिसलें. पिशवीच्या मध्यावरचे डॉलर पांढरेच होते. कापडाला टेकलेल्या डॉलरांवर मात्र कापडांतील गंधकानें इंद्रधनुष्याचे पट्टे उठविले होते. ज्या डॉलरावर दुसरा अर्धा चढून बसला होता, त्यावर झांकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगीत, अशी चंद्रकोर उमटलेली. आज अशा नाण्यांस त्याच आंकड्याच्या पांढऱ्या नाण्यापेक्षां कित्येक पट किंमत येते. म्हणून बनावट रापहि निपजला: कोणी नाणें तापवितात, कोणी त्यास गंधकाची धुरी देतात. रंग संशयास्पद वाटल्यास परीक्षक अशा नाण्यास आंकडा नाकारतात.

यावरून राप नेहमीं भूषणच, असें मात्र समजूं नये. पातळ, एकसारखा, हळूहळू चढलेला राप नाण्यास शोभतो. दाट, काळा, डागाळलेला राप धातूस खात असतो. दोहोंत भेद करण्याची कसोटी एकच: रंगाखालून टांकसाळीची मूळ लकाकी दिसते कीं नाहीं. ठशाच्या दाबाखालीं धातु केंद्राकडून कडेकडे सरकतो व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. नाणें तिरपें फिरविलें असतां चक्रासारखी फिरणारी झळाळी या रेषांचीच. ती एकदां गेली म्हणजे परत येत नाहीं.

हें मला फार उशिरां कळलें. मी विद्यार्थी असतांना एका दिवाळीस आजीचे अकरा रुपये चिंच व राख लावून, मोठ्या हौसेनें, आरशासारखे घासले. त्यांतील तीन तिनें लग्नांत मिळाल्यापासून फडक्यांत बांधून ठेवलेले, बाजार न पाहिलेले होते. पुढें घरांत आजारपण आलें व ते विकावयास नेले, तेव्हां एका जाणत्या व्यापाऱ्यानें भिंगांतून पाहून मान हलविली आणि चांदीच्या वजनानें भाव सांगितला. चिंचेच्या आम्लानें रुपयांतील तांब्याचा अंश खाल्ला होता, राखेच्या कणांनीं त्यावर शेंकडों ओरखडे ओढले होते. जुन्या रुपयांत बारांत अकरा भाग चांदी असते. ती सारी शाबूत होती. गेली ती लकाकी, आणि किंमत तिचीच होती. आजी मला एक शब्दहि बोलली नाहीं.

बाजारांत मिळणारीं रासायनिक द्रावणें हेंच काम सभ्यपणें करतात, एवढाच फरक. त्यांत नाणें बुडविलें कीं काळेपणा जातो, परंतु त्या थरांत अडकलेली चांदीहि त्याबरोबर जाते. वारंवार बुडविलेलें नाणें मेलेल्या डोळ्यासारखें निस्तेज होतें, व साफ केल्याच्या खुणा दिसल्या तर परीक्षक त्यास आंकडा न देतां केवळ 'साफ केलेलें' असा शेरा मारतात.

तांब्याचीं नाणीं याहून नाजूक. त्यांची प्रत ठरवितांना आंकड्याबरोबर लाल, लाल-तपकिरी अथवा तपकिरी असा रंगहि लिहितात. हा रंग उतरणें हा निसर्गक्रमच असल्यानें त्याची कायमची हमी कंपन्याहि देत नाहींत. कोंकणांत व गोव्यांत खाऱ्या वाऱ्याचें भय अधिक. क्लोराइडचा अंश तांब्यांत शिरला, तर ओलावा व प्राणवायु यांच्या साहाय्यानें फिकट हिरवी भुकटी धरते आणि नाणें आंतून पोखरत जातें. पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें हें आपल्या गृहिणींस ठाऊक आहे. हा कळंक मात्र ताक फेंकून संपत नाहीं.

आतां रक्षणाचे उपाय. नाणें नेहमीं कडेनें धरावें; बोटांच्या घामाचा ठसा आज दिसत नाहीं, तो कांहीं महिन्यांनीं तपकिरी होऊन वर येतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणीं मुळींच ठेवूं नयेत; त्यांतून आम्ल सुटून नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. पॉलिप्रॉपिलीन अथवा मायलर यांचीं पाकिटें निर्धोक. रबराचे पट्टे, लोकर, वर्तमानपत्राचे कागद व लांकडी पेट्या यांपासून नाणीं दूर असावींत. पहिल्या दोहोंत गंधक असतें, उरलेल्यांतून आम्ल सुटतें. पावसाळ्यांत मुंबईच्या हवेची आर्द्रता पुष्कळदां ८० टक्क्यांवर जाते. धातूंस ४० टक्क्यांच्या आंतबाहेरची हवा मानवते. म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या व त्या वरचेवर वाळवून अथवा बदलून घ्याव्या. स्लॅबमधील नाण्यांसहि हाच नियम लागू आहे. वर्षांतून दोनदां, पावसाळ्याआधीं व नंतर, नाणीं भिंगाखालीं पाहावीं. आधीं छायाचित्र काढून ठेवलें असल्यास बदल नेमका कळतो.

माझ्या स्नेह्यांनीं डबी फोडली नाहीं. त्यांनीं ती कोरड्या डब्यांत, कपाटाच्या आंतल्या खणांत ठेवली. गेल्या दिवाळीस आम्हीं दोघांनीं ती पुन्हां पाहिली. वलय तसेंच आहे, ठिपकाहि आहे. पण वाढला नाहीं. "मग आंकडा खरा कीं खोटा?" असें मीं हंसून विचारलें. ते म्हणाले, "त्या दिवसापुरता खरा. पुढचें आमच्या हातीं." एवढें ज्यास उमगलें, त्याच्या घरची नाणीं मुलांनातवंडांपर्यंत पोहोंचतील. माझ्या आजीच्या रुपयांस ते भाग्य लाभलें नाहीं. आपल्या घरच्या रुपयांस तें लाभावें, एवढ्यासाठीं हे चार शब्द.