दावीद, उरीया आणि कोल्हापूरची मंडळी

जुन्या करारातल्या पहिल्या इतिहासाचा विसावा अध्याय वाचताना सुरुवातीलाच पाय अडखळतो. राजांनी मोहिमेवर निघायचे दिवस आले आहेत, सेनापती यवाब फौज घेऊन अम्मोन्यांच्या राब्बा शहराला वेढा घालतो आहे आणि दावीद यरुशलेमेतच थांबला आहे. लगेच पुढच्या वचनात राब्बा पडलेले असते आणि तिथल्या राजाचा सोन्याचा मुकुट दाविदाच्या मस्तकावर असतो. राजा घरी का थांबला आणि थांबून त्याने काय केले, याबद्दल अवाक्षर नाही.

ते सगळे दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या आणि बाराव्या अध्यायांत आहे. संध्याकाळी गच्चीवर फिरणाऱ्या राजाने बथशेबेला स्नान करताना पाहिले आणि माणसे पाठवून तिला आणवले. ती गरोदर राहिली तेव्हा तिचा नवरा उरीया लढाईवर होता. राजाने त्याला बोलावून घेतले, लढाईची खबरबात विचारली, घरी जाऊन आराम कर म्हणाला आणि त्याच्या मागोमाग भेटवस्तूही धाडली. उरीया घरी गेलाच नाही. देवाच्या कराराचा कोश तंबूत आहे, सोबती उघड्या माळावर आहेत, मग मी घरच्या अंथरुणावर कसा पडू, असे म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. दुसऱ्या रात्री राजाने त्याला दारू पाजली, तरी तो बधला नाही. सकाळी दाविदाने यवाबाला पत्र लिहिले, की याला ऐन धुमश्चक्रीत पुढे ठेव आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले. आपल्या मरणाचा हुकूम उरीयाने स्वतःच वाहून नेला.

मग नाथान संदेष्टा राजापुढे येऊन गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच मेंढीचे पिल्लू होते. त्याच्या ताटातले खाणारे, त्याच्या कुशीत निजणारे. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी आपल्या कळपाला हात न लावता तेच उचलून कापले. कोल्हापूर भागात धनगरवाड्यावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. राजा संतापतो, शिक्षा फर्मावतो आणि नाथान त्याच्याच तोंडावर सांगतो की तो श्रीमंत तूच.

एकाच धर्मग्रंथात एकाच राजाची ही दोन चरित्रे आहेत. इतिहासाच्या लेखकापुढे शमुवेलाची कथा होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने बथशेबेची कथा गाळली, अबशालोमाचे बंड गाळले आणि शलमोनाच्या परदेशी राण्यांनी त्याला म्हातारपणी कुठे नेले तेही गाळले. त्याच्याशीही न्यायाने वागायला हवे. शिरगणतीचे दाविदाचे पाप त्याने लपवले नाही. हातून फार रक्त सांडले म्हणून मंदिर बांधायचे दाविदाला नाकारले गेले, हे तर तोच ठळकपणे सांगतो. पण घरातली गोष्ट त्याने दाराआड ठेवली. दाविदाच्या शूरांची यादी दोन्ही ग्रंथांत आहे. शमुवेलात ती उरीया हित्तीच्या नावावर येऊन थांबते. इतिहासात त्याचे नाव मध्येच कुठेतरी येते आणि पुढे आणखी नावे सुरू राहतात. शमुवेलाच्या लेखकाला ते नाव वाचकाच्या कानात शेवटचे राहायला हवे होते, असे मला वाटते.

हे दाविदापुरते नाही. अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितले, तेही दोनदा. हागारेला आणि तिच्या मुलाला भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन रानात काढले. याकोबाने आंधळ्या बापाला फसवले. मोशेच्या हातून खून झाला. इफ्ताहाने अविचाराने नवस बोलून पोटची पोर गमावली. शमशोनाबद्दल तर बोलायलाच नको. तरी नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाने जगलेल्यांची मालिका सांगताना यांच्यातल्या प्रत्येकाचे नाव घेतो, इफ्ताहाचेसुद्धा.

या माणसांची ओळख कोल्हापूरला होऊन आता पावणेदोनशे वर्षे होत आली. डिसेंबर १८५२ मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझासह इथे आला. त्याआधीची सहा वर्षे त्याने अहमदनगरला शाळांच्या कामात काढली होती. संपूर्ण पवित्र शास्त्र तोवर मराठीत छापून झाले होते आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झाले होते. वाइल्डरने इथेही आधी शाळा काढल्या.

मराठी श्रोत्याला सदोष थोरांचे वावडे कधीच नव्हते. धर्मराज द्यूतात बायको लावतो, अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलतो आणि जमिनीला न टेकणारा त्याचा रथ भुईवर येतो, हे कीर्तनकार पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. वाटमारी करणारा वाल्या आणि मरताना पोराला हाक मारणारा अजामीळ आख्यानांत होतेच. त्यामुळे अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी हे सगळे हाताशी तयार होते. कोकणपट्टीत शतकानुशतके मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएल ज्यूंनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाला हात घातला आणि अब्राहाम-मोशेची आख्याने टाळ-मृदंगाच्या साथीने रंगू लागली. इब्री पूर्वजांना मराठीत जागा करून देण्याचे काम एका मिशनने केले असे जे समजतात, त्यांनी बेने इस्राएलांचे हे काम नजरेआड करू नये.

दावीद मात्र कीर्तनात आला काय आणि उपदेशात आला काय, गोफण घेऊनच आला. आमच्या शब्बाथ शाळेत फ्लॅनेलच्या फळ्यावर गल्याथाचे कापडी चित्र आडवे पडायचे आणि मुले टाळ्या वाजवायची. मुलांना बथशेबेची गोष्ट सांगू नये हे बरोबरच. पण ती मुले मोठी झाली, लग्ने झाली, मंडळीच्या कमिटीवर आली, तरी पुलपिटावरून त्यांच्या कानी बहुधा एक्कावन्नावे स्तोत्रच पडले. नाथान दाविदाकडे आला त्या वेळचे हे स्तोत्र, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले आहे. राजाच्या पश्चात्तापावर आम्ही मनापासून रडलो. उरीयासाठी प्रार्थना केल्याचे मला आठवत नाही.

थोरांना वाचवायची ही ओढ आमच्यापुरती नाही. ताल्मुदाच्या शब्बाथ या भागात एका रब्बीचे मत नोंदले आहे, की दाविदाने पाप केले असे म्हणणारा चुकतो. कारण काय, तर लढाईवर जाणारे सैनिक बायकोला घटस्फोटाचा लेख देऊन जात, म्हणजे बथशेबा कायद्याने मोकळी होती. बुद्धी केवढी आणि ती कशासाठी झिजवली! मूळ कथेत देव संतापतो, नाथान बोट दाखवतो, खुद्द राजा कबूल होतो. तिघांनी मिळून जे मान्य केले ते पुढच्या भक्तांना सोसवेना.

कोल्हापूरच्या मंडळीचा मागोवा घ्यायचा तर हे आधी सांगणे भाग होते. आपण आपल्या पहिल्या मिशनऱ्याचे चरित्र इतिहासाच्या लेखकासारखेच सांगत आलो आहोत. १८५२ ला आले, शाळा काढल्या, मंडळी स्थापली, त्यांच्या स्मरणार्थ वाइल्डर मेमोरियल चर्च. मधला भाग इथेही गळून जातो.

तो भाग असा. वाइल्डरला पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नका, लोकांच्या भाषेत सुवार्ता सांगा, गावोगाव मंडळ्या उभारा, देशी पाळक नेमा, असे त्यांचे म्हणणे होते. वाइल्डरला शाळा जीव की प्राण. दोघांचे बिनसले ते कायमचे. बोर्डाने कोल्हापूरचे ठाणे बंद केले आणि मायदेशी गेलेल्या वाइल्डरला परत पाठवायचे नाकारले. त्यावर त्याने १८६१ मध्ये न्यूयॉर्कहून भारतातल्या मिशन शाळांवर जाडजूड पुस्तक काढून बोर्डाचे धोरण चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी तो कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसताना कोल्हापूरला परतला आणि जवळपास दहा वर्षे त्याने असेच रेटले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्याला पदरात घेतले, तेव्हा कुठे कामाला आधार मिळाला. अमेरिकेत परतल्यावर १८७८ मध्ये त्याने ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक काढले. त्यातही मिशन बोर्डांचे हिशेब आणि कारभार यांवर त्याची लेखणी तुटून पडायची. १८८७ मध्ये तो वारला.

माणूस शूर होता आणि हट्टी होता. ज्या स्वभावाने बोर्डाशी संबंध तोडले, त्याच स्वभावाने बंद पडलेले कोल्हापूर पुन्हा उघडले. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्याशिवाय तो कळत नाही. आणि अँडरसनही खलनायक नाही. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी कधी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, ही त्याची भीती रास्त होती. आज कोल्हापुरातल्या मंडळ्या आपल्याच पाळकांच्या हाती आहेत, हे त्याने पाहिलेले स्वप्न. एस्तेर पॅटन आणि आयर्विन ख्रिश्चन या शाळांत आजही मुले शिकतात, ही वाइल्डरची जिद्द. भांडलेल्या दोन माणसांचे दोन हेतू याच गावात शेजारी शेजारी नांदत आहेत आणि त्या भांडणाचा शब्दही आपण मुलांना सांगत नाही.

थोरांची अशी गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाला सांगता येत नाही असे मात्र नाही. एका बाईने ती सांगून ठेवली आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. पुढची काही वर्षे नवऱ्याविना, नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काढली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी टिळकांचा शीघ्रकोप लिहिला. न सांगता घरातून निघून जाणे लिहिले. हाती आलेला पैसा भलत्याला देऊन टाकणे आणि मग घरात काय व्हायचे, तेही लिहिले. हे लिहिताना कुठे सूड नाही आणि कुठे पांघरूणही नाही. हजारो मराठी माणसे टिळकांची भजने गातात, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचून एकानेही ती गायची सोडल्याचे मी ऐकले नाही. उलट ज्या माणसाने आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनच्या चौकटीबाहेर पडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्याची तगमग त्या पुस्तकामुळेच कळते. माझ्या मते मराठीत शमुवेलाच्या लेखकाची बरोबरी करणारे पुस्तक हेच.

शिवाय ते चटके सोसलेल्या माणसाने लिहिले आहे. दाविदाच्या त्या गोष्टीत उरीया बोलतो तो एकदाच, आणि बथशेबा एवढेच कळवते की तिला दिवस गेले आहेत. इफ्ताहाची मुलगी दोन महिने डोंगरात रडून येते आणि तिचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. थोरांच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी मोजते, हे इब्री शास्त्र दाखवते, पण मोजणाऱ्याला फार बोलू देत नाही. हागार याला अपवाद. रानात देव तिला नावाने हाक मारतो आणि ती त्याला स्वतः नाव ठेवते. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या होत्या तिथल्याच बायका. त्यांतल्या कितीतरी दुष्काळाने आणि वैधव्याने घराबाहेर काढलेल्या. हागारेचे वचन अशा हातांनी जुळवले गेले, ही मराठी बायबलच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कोल्हापूरच्या मंडळीत असे हात कोणाचे होते? बोर्डाने ठाणे बंद केले त्या काळात इथले शाळामास्तर कुठे गेले, जातीबाहेर पडून बाप्तिस्मा घेतलेल्या घरांनी कोणाच्या तोंडाकडे पाहिले, दारोदार जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या ‘बायबल बायकां’ना पगार कोण देत होते, हे प्रश्न स्मरणिकांतून विचारले जायला हवेत. आपल्याला पाळकांच्या कारकिर्दींच्या तारखा पाठ असतात. पण जुन्या घरांत अजून पत्रे आहेत, बाप्तिस्म्याचे दाखले आहेत, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसे आहेत. ती आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

वाइल्डरच्या घरातच बघा. रॉबर्ट हा मुलगा १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला जमलेल्या विद्यार्थ्यांतून शंभर जण मिशनसाठी उभे राहिले, त्यामागे त्याचा मोठा हात होता आणि जगभरच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे. त्याच्यामागे प्रार्थनेचा जोर लावणारी बहीण ग्रेस तळटिपेत सापडते. एलायझाबद्दल तर आपण जवळजवळ बोलतच नाही. नवऱ्याचे बोर्डाशी भांडण झाले तेव्हा संसार तिचाही उघड्यावर आला होता. बिनपगारी वर्षे तिनेही काढली. नवरा गेल्यावर ती अमेरिकेत सुखाने राहू शकली असती. ग्रेसला घेऊन ती पुन्हा याच मुलखात कामाला आली. वाइल्डर मेमोरियलच्या पुढच्या स्मरणिकेचे पहिले पान तिला द्यावे, आणि त्याच पानावर नवऱ्याच्या भांडणाची हकीकत, कोणाची बाजू न घेता, पुरती छापावी.